दाबोदहून दाबोदला

माद्रिद, रविवार दुपार

काय बघायचं राहिलंय म्हणे! आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, गावात गाडी घेऊन आलेला डोळ्यांचा डॉक्टर तुझ्याच ओट्यावर बसून, तुझाच चहा पिऊन सांगून गेला की हा हिवाळा सरायच्या आत काढला नाहीत तर पुढे काढूनही उपयोग नाही, आणि तिचा थोरला मुलगा मला फोनवर विचारतो, "शाया, सत्तरीच्या बाईला आता काय बघायचं राहिलंय?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवतो. मी इकडे मुक्या फोनला कितीतरी वेळ उत्तर देत उभी. शेवटी अवाद स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाला, अगं, तो ऐकत नाहीये. (माझा नवरा वर्षातून दोनदा बोलतो, त्यातलं हे एक.) मी म्हटलं, समोर बसलेला असतो तेव्हा तरी कुठे ऐकतो! म्हणून आता कागदावर लिहितेय. मला जेमतेम लिहिता येतं आणि तुला जेमतेम वाचता येतं, पण तेवढ्यानं तुझी सुटका होणार नाही.

तर ऐक, काय राहिलंय ते. माझ्या लेकीची, नब्राची, मुलगी बघायची राहिलीय. पोरीच्या गालाला आईच्या गालासारखीच खळी आहे आणि रडताना पण पडते. तू मागच्या ईदला दाराची भिंत निळी रंगवलीस, आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आमचं ते पिवळ्या भिंतीचं घर. फन्ना शेजारीण सांगत होती, परवा आई अंगणात शेळीला फन्ना समजून सुनेची गाऱ्हाणी सांगत बसली (सून तुझी नाही, फन्नाची, तुझी सून आली असती तर आणखी काय पाहिजे होतं), आणि शेळीनं तुझ्यापेक्षा बरं ऐकून घेतलं. शिवाय तुझं टक्कल बघायचं राहिलंय. ती अजून बायकांना सांगते, माझ्या शाझलीचे केस म्हणजे रान आहे रान! एवढ्यासाठीच तर तू टाळत नाहीस ना?

असो. सलाम राहिला. आदरणीय वडीलबंधू शाझलीदादा यांस धाकटी बहीण शाया हिचा सलाम. तुझी कंबर, तुझा ऊस आणि ती शहाणी शेळी सगळी सुखरूप असोत. मी पाठवलेलं मलम गुडघ्याला लावतोस, की कपाटात ठेवून पाहुण्यांना नुसतं दाखवतोस? लावायचं असतं ते. आमचं इकडे बरं आहे. थंडी हाडात शिरते, नब्राच्या पोरीला दात येतायत म्हणून वरच्या मजल्यापर्यंत कोणी झोपत नाही, खानावळीत माझ्या हातच्या मसुरीला गिऱ्हाईक अजून नावं ठेवत नाही. झाला सलाम. आता मुद्द्यावर येते.

तुझं घोडं पेंड खातं ते आईच्या शपथेपाशी. ती शपथ मला आठवत नाही, मी तेव्हा तिच्या कडेवर होते, पण तूच मला इतक्यांदा सांगितलीयस की मी पाहिल्यासारखी सांगू शकते. धरणाचं पाणी चढणार म्हणून सरकारनं अख्खं गाव उचललं. आईनं घराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली. पाण्यात बुडायच्या घराला कुलूप कशाला म्हणून कोणी तरी हसलं, आणि ती सगळ्यांदेखत ओरडली की एकदा हलवलंत, आता पुन्हा हलणार नाही, अल्लाची शपथ, दाबोदच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. मग नदीपासून लांब, उसाच्या रानाला लागून, सिमेंटच्या खोल्यांची रांग आली आणि सरकारनं तिच्या तोंडाशी पाटी ठोकली: दाबोद. तेव्हापासून आई पाटीच्या आत. माझी पाठवणी पण तिनं पाटीपर्यंतच केली. पाटीचा खांब धरून उभी राहिली आणि मी गाडीत मागे वळून वळून मान मोडून घेतली. आणि आता अस्वानचा दवाखाना तासाभरावर, पण अस्वान म्हणजे दाबोद नव्हे, म्हणून डोळे गेले तरी चालतील. शपथेला प्रायश्चित्त असतं, उपास करायचे, गरिबांना जेवू घालायचं, की सुटते, एवढं मलाही कळतं. तू आईला सांगून बघ. मी सांगितलं तर म्हणाली, उपास मी एरवीही करते, त्याचा शपथेशी काय संबंध.

तू फोन ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसमधून कामाला चालले होते. डोक्यात तुलाच शिव्या देत होते. एका थांब्यावर एक म्हातारा काठी टेकत दाराशी आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "देबोदला जाते का हो?" ड्रायव्हर म्हणाला, "जाते, चढा."

दादा, हे वाक्य मी इथे आल्यापासून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. आपल्या दाबोदचं देऊळ (इकडच्या जिभेवर देबोद) दगड दगड सुटं करून इकडे आणलं आणि टेकडीवरच्या बागेत पुन्हा उभं केलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी कधी बघायला गेले नव्हते. मला त्या देवळाचा राग होता. दगडांना एकेक नंबर घालून, जपून, जहाजातून आणलं, आणि आपल्या माणसांना ट्रकमध्ये पोत्यांसारखं कोंबलं, मग मी कशाला त्यांच्या पाया पडायला जाऊ? पण त्या दिवशी ते वाक्य कानात शिरलं आणि आत जाऊन बसलं. देबोदला जाते. चढा. म्हणजे इथे देबोद आहे! आईनं शपथ घेतली ती दाबोद सोडणार नाही अशी. दाबोदहून निघून दाबोदलाच उतरली, तर तिनं सोडलं काय? माझा थांबा निघून गेला. मी शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, आणि मसूर त्या दिवशी मालकानंच चढवली. (करपवली.)

आता तू म्हणशील, शाया, ही पळवाट आहे. मलाही वाटलं. म्हणून मी आधी आमच्या गल्लीतल्या मशिदीत गेले. इमामसाहेब तेतुआनचे, फार सोशिक माणूस. मी विचारलं, "इमामसाहेब, एक बाई दाबोद सोडणार नाही म्हणाली आणि दाबोदहून दाबोदला गेली, तर शपथ मोडली का?" त्यांनी चष्मा काढला. "बाई, दाबोद दोन आहेत?" मी म्हटलं, "तीन. एक पाण्याखाली आहे." त्यांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, शपथेतला शब्द लोकांच्या रोजच्या बोलण्यातला धरतात. लोक सहज बोलता बोलता ज्या जागेला दाबोद म्हणतील ती दाबोद. पण तुम्ही म्हणून भागणार नाही, तुमचा स्वार्थ आहे. मीही म्हणून भागणार नाही, मी तिथे गेलेलो नाही. तिथल्या माणसानं ते नाव आपणहून घ्यायला हवं, विचारल्यावर नव्हे. आणि ऐकायला आणखी कोणी सोबत असेल तर बरं. मी उठले तेव्हा माझ्या पाठीमागे त्यांनी चष्मा पुसून परत घातला आणि हळूच हसले. हसू देत.

सोबत कोणाला न्यायचं? नब्राला पोर, अवाद साक्षीला नेला तर तो बोलणार कधी? म्हणून वरच्या मजल्यावरच्या कासिल्दाला घेतलं. कासिल्दा ही माझी शेजारीण, नवरा गेलेली, माझ्याच वयाची, जिभेला माझ्यासारखंच हाड नाही. आमचं पटत नाही म्हणून आम्ही रोज भेटतो. सोमवारी सकाळी दोघी नटूनथटून टेकडी चढलो, तर दाराला कुलूप. कासिल्दा म्हणाली, "सोमवारी बंद असतं, हे कुत्र्यांनाही माहीत आहे." मी म्हटलं, "मग काल बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तू विचारलंस का?" बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या, सालं कोणी टाकायची यावर भांडलो आणि घरी आलो.

मंगळवारी पुन्हा. देवळापुढे उथळ पाण्याचा हौद आहे, घोटाभर पाणी असेल, आणि त्या पाण्यात एकामागे एक दगडी दारं उभी आहेत. मी जी थबकले ती थबकलेच. पाण्यातलं दार, दादा! आई सांगायची ना, की तिच्या लहानपणी जुन्या धरणाचं पाणी वर्षातले बरेच महिने देवळात असायचं आणि उन्हाळ्यात उतरलं की दारं वर यायची, गाळानं माखलेली, आणि बायका जाऊन त्यांच्या उंबऱ्यावर चटया वाळत घालायच्या. मला वाटायचं, आई वाढवून सांगते. तर समोर पाणी आणि पाण्यात दार. मग मी काय करावं असं तुला वाटतं? नदीला गेल्यावर आपली कुठलीही बाई जे करते तेच केलं. पिशवीतून खजूर आणि लाह्या काढल्या, दस्तूर दस्तूर म्हणून पाण्यात न दिसता राहणाऱ्या माणसांची परवानगी मागितली आणि त्यांचा घास पाण्यात टाकला. (विचार न करता टाकला. पाहुण्यासारखं रिकाम्या हातानं कसं जायचं? पिशवीत होतं कारण घरून निघतानाच हात आपोआप घेतो.)

लगेच रखवालदार धावत आला. ओनोफ्रे त्याचं नाव, छातीवर लिहिलेलं, मिशा अशा की दोन माणसांना पुरतील. "बाई, इथे बदकं नाहीत!" मी म्हटलं, माहीत आहे. "मग हे कोणासाठी?" मी म्हटलं, जे आहेत त्यांच्यासाठी. त्यानं बिचाऱ्यानं वाकून पाण्यात बघितलं. तोवर मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटलं की हा इथला रिवाजच आहे. एका म्हातारीनं भक्तिभावानं बिस्किट सोडलं, तिच्या नवऱ्यानं आख्खं सँडविच. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. ओनोफ्रे हातात जाळी घेऊन हौदाच्या काठानं पळतोय, कासिल्दा त्याला वरून सांगतेय की डावीकडे, डावीकडे, तिथे लाही राहिली, आणि मी आपली डोळे मिटून उभी. नदीची माणसं या सगळ्याला काय म्हणाली असतील कोण जाणे. इतक्या वर्षांनी घास मिळाला, तो पण चीज घातलेला.

आता मुख्य काम. ओनोफ्रेनं ते नाव आपणहून घ्यायला हवं, आणि मी विचारायचं नाही. तुला वाटेल त्यात काय एवढं. अरे, तो माणूस इतका कोडगा! मी म्हटलं, किती सुंदर जागा आहे, हिचं नाव पण किती... आणि थांबले. तो म्हणाला, "पुढे सरका." मी म्हटलं, माझ्या भावाला कळवायचंय, मी आत्ता कुठे उभी आहे ते. म्हणाला, "रांगेत." कासिल्दानं तोंड घातलं, "अहो, ही इमारत कशाची म्हणायची?" मी तिला चिमटा काढला, कारण विचारलेलं चालत नाही. पण तिचं विचारणंही वायाच गेलं. तो म्हणाला, "दगडाची." कधी वास्तू म्हणतो, कधी आत म्हणतो, कधी इथे म्हणतो, कधी नुसतंच बोट दाखवतो, पण नाव घेईल तर शपथ! जणू नव्या नवरीला नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलंय.

शेवटी आत सोडलं. थोडी थोडी माणसं सोडतात आणि थोडा वेळच राहू देतात. आत अंधार, गारवा, आणि भिंतीवर कोरलेली माणसं. मी दिवा लावलेल्या भिंतीपाशी गेले आणि मला तू दिसलास. खोटं सांगत नाही. आपल्या दक्षिणेकडच्या कोणा जुन्या राजाची आकृती आहे, देवापुढे थाळी धरून उभा आहे, आणि नाक तुझं. तेच, मध्येच टेकाड आलेलं, पुढे काही तरी चुकतंय असा वास घेणारं. थाळी पण तशीच धरलीय जशी तू आईपुढे धरतोस, पुढ्यात ठेवायची सोडून वाट बघत, की आधी ती चांगलं म्हणू दे. मी हसत सुटले. मग कासिल्दा म्हणाली, तुझ्या भावाचं नाक असं असेल तर बरा दिसत असेल. लग्न झालंय? मी म्हटलं, बायको गेली. "हं," म्हणाली, आणि पुन्हा बारकाईनं बघायला लागली.

मग हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी भिंतीला हात लावला. गार होती, कोरडी. हीच भिंत आईनं लहानपणी ओली पाहिली. आईला आता तुझं तोंड दिसत नाही, भिंतीचा रंग दिसत नाही, पण हा दगड तिच्या तळहाताला ओळखीचा लागेल, असं मला एकदम वाटलं. मी तिथेच खाली बसले. ओनोफ्रे आला. "हात लावायचा नाही." मी म्हटलं, आमच्या आईनं इथे चटया वाळत घातल्यात. "तेव्हा माझी नोकरी नव्हती. उठा, वेळ संपली." मी उठेना. हट्ट म्हणून नाही रे, पायच उठेनात. तर कासिल्दा पण माझ्याशेजारी फतकल मारून बसली. "माझ्याकडे बघू नका, मी हिच्याबरोबर आहे." तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट, बसताना दोन्ही कडकडा वाजले आणि आतल्या आत घुमले.

आणि मग ओनोफ्रेनं कमरेचा वायरलेस काढला आणि तोंडाशी धरून, वैतागून, मोठ्यानं, कोणीही न विचारता बोलला:

"ओनोफ्रे बोलतोय, देबोदमधून. देबोदमध्ये एक बाई बसून राहिलीय. नाही, आजारी नाही. देबोद सोडून जायला तयार नाही."

दादा! हे वाक्य आपल्या घरचं आहे. गावात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे, आणि ते या मिशाळ माणसाच्या तोंडून, वर्दीत, सरकारी यंत्रातून! माझे पाय आपोआप उठले. मी त्याचे दोन्ही हात धरले. कासिल्दा खालूनच ओरडली, "तीनदा म्हणाला! मी ऐकलं, तीनदा!" ओनोफ्रे घाबरून वायरलेसवर म्हणाला, "आता उठलीय. रडतेय. हसतेय पण. काय करू?" तिकडून कोणी तरी म्हणालं, पाणी द्या.

पाणी दिलं त्यानं. बाहेर बाकावर बसवलं आणि मग मी त्याला सगळं सांगितलं, आई, शपथ, डोळे. तो मिशीवरून हात फिरवत ऐकत होता. म्हणाला, आणायचं असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या आणा, तेव्हा गर्दी नसते. दाराशी पायरी आहे, मी हात देईन. आतमध्ये माझी स्वतःची खुर्ची आहे, तिच्यावर बसू द्या. आणि भिंतीचं म्हणाल तर, म्हणाला, मला दर सकाळी बाहेर जाऊन हौद बघावा लागतो, तेव्हा आत काय चाललंय ते मला दिसत नाही. एवढं बोलून पुन्हा कोडगा चेहरा करून रांगेकडे गेला.

कासिल्दा पाण्यातल्या दारांकडे बघत बसली होती. ती गप्प बसली की मला काळजी वाटते. म्हटलं, काय गं, गुडघे? तर म्हणाली, माझं माहेरही पाण्याखाली आहे. इतकी वर्षं एका जिन्यात राहतोय, बाई कधी बोलली नाही! तिच्याकडेही धरण झालं, ती पोर असताना, गाव गेलं. पाऊस कमी झाला की चर्चच्या घंटेचा मनोरा वर येतो आणि आसपासचे लोक सहलीला जातात. ती एकदाही गेली नाही. म्हणाली, तुझं नशीब बघ, तुझं देऊळ बसनं जाण्याएवढं जवळ आलं, आणि तू इतकी वर्षं मसूर ढवळत बसलीस. मी म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, तुझ्या डोक्यात काही नाही. मग दोघींनी उरलेले खजूर खाल्ले.

आता तुझी हरकत मला इथून ऐकू येतेय. खरं दाबोद ते नव्हे, म्हणशील, खरं दाबोद म्हणजे आपलं गाव. बरं. तुझ्या दाबोदला नदी आहे का? नळ आहे, आणि तोही रोज येत नाही. आपल्या खजुराची झाडं आहेत का? ती बुडाली. आजोबांची कबर आहे का? तीही बुडाली. मग त्या खोल्यांना दाबोद कशानं म्हणायचं? पाटीनं. पाटी इथेही आहे, तुझ्यापेक्षा मोठी, आणि शिवाय इथले दगड खरोखरचे तिथले आहेत. तू म्हणशील, पण माणसं? माणसं तिकडे आहेत. हो, हे मात्र तू बरोबर म्हणशील. दाबोदची माणसं तिकडे, दाबोदचे दगड इकडे, आणि दाबोदची जमीन पाण्यात. कोणी तरी उठून कोणाकडे तरी जायलाच हवं ना! दगड एकदा हलले, आता ते हलणार नाहीत. म्हणून म्हणते, माणसाला पाठव.

आईला पाठव, दादा. डोळ्यांच्या डॉक्टरशी नब्रा बोललीय, एका मागोमाग एक दोन्ही डोळे होतील म्हणतात. कागदपत्रं तीच बघतेय. आईला सांग, पाटी ते पाटी. मध्ये जे काही येईल ते विमानाच्या खालून जाईल, तिचं पाऊल त्यावर पडणार नाही. हा मुद्दा इमामसाहेबांनाही पटला. (ते म्हणाले, बाई, आता बस.)

थोरल्यांना सलाम, धाकट्यांना पापे, फन्नाला माझ्या नावानं चार शब्द चांगले बोल, तिचे उपकार आहेत.

तुझी धाकटी बहीण,
शाया

ता. क. आईला एकटीला विमानात बसवायचं नाही हे सांगायला नको. तूच घेऊन यायचंस. उसाचं कारण काढू नकोस, फन्नाचा नवरा बघणार आहे, मी परस्पर बोलले आहे. शेळी पण तोच नेणार.

ता. क. दुसरा. आता खरं काय ते सांगते, कारण लिहिता लिहिता मध्येच आईचा फोन आला होता, फन्नाच्या घरून, तू रानात असताना. मी तिला देवळाचं, पाण्यातल्या दाराचं, ओनोफ्रेचं सगळं सांगितलं. ती पोटभर हसली. आणि म्हणाली, शाया, शपथेचं मी आणि अल्ला बघून घेऊ, तो माझ्यापेक्षा समजूतदार आहे. पण तुझी वहिनी गेल्यापासून शाझली माझ्या हातचा चहा मिळाल्याशिवाय अंथरूण सोडत नाही. मी दवाखान्यात पडले तर हा त्या रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसेल. म्हणून मी आपली शपथ पुढे करते, त्यालाही बरं वाटतं, मलाही. असं म्हणाली. म्हणजे तू तिच्या शपथेआड लपलास आणि ती तुझ्यासाठी शपथेआड लपली, आणि मध्ये मोतीबिंदू पिकत राहिला. मी इकडे इमाम आणला, रखवालदार आणला, हौदात सँडविच पडलं, सगळं फुकट. पण इतकं लिहिलंय ते मी खोडणार नाही, माझा हात दुखतोय. तेव्हा मागणं आईला पाठव एवढंच नाही. मागणं असं आहे की तू ये, आणि पोहोचवून परत जायचं नाही. तिचे दोन्ही डोळे होईपर्यंत राहायचं. आमच्याकडे जागा कमी आहे, पण अवाद बोलत नसल्यामुळे त्याची अडचण होत नाही. चहा सकाळी मी देईन. माझ्या हातचा आईइतका चांगला होत नाही, पण गरम असतो.

ता. क. तिसरा. नब्रा शुक्रवारी तिकिटं काढणार आहे, म्हणून हे पत्र टपालानं नाही, उद्या गावी निघालेल्या माणसाच्या हाती देतेय. खिडकीजवळची जागा आईनं फोनवरच मागून घेतली, डोळे व्हायच्या आधी इकडे येताना काय दिसणार म्हटलं तर म्हणाली, परतताना तीच जागा मिळावी म्हणून आत्तापासून धरून ठेवतेय. मधली तुझी. चालते की नाही ते येत्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव.